पाचव्याला काम कुणी दिलं होतं?

आठव्या आठवड्याच्या सोमवारी तिघं जण माझ्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. हातात एक छापील अर्ज. 'गटातील पाचव्या सदस्याने प्रकल्पात कोणतेही योगदान दिलेले नाही, तरी त्याचे नाव वगळण्यात यावे.' खाली चार नावं, त्यांच्यापुढे तीन सह्या. चौथी जागा रिकामी.

"मॅडम, सात आठवडे झाले. त्याने कोडची एक ओळ लिहिलेली नाही, एक वायर जोडलेली नाही."

"त्याला काम काय दिलं होतं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "म्हणजे... लागेल ती मदत करायची होती."

"मग काय लागलं?"

यावर कुणी बोललं नाही. मी अर्ज ठेवून घेतला आणि बुधवारी पाचही जणांना बोलावलं.

गटप्रकल्पांमध्ये असे अर्ज नवे नाहीत. बहुतेक वेळा शिक्षक दोन्ही बाजूंना चार शब्द सुनावतात, 'आपापसात मिटवा' म्हणतात आणि सत्र संपतं. मीही तसं केलेलं आहे. या खेपेला प्रकरण जरा खणून पाहिलं. जे हाती लागलं त्यात माझ्याही दोन-तीन चुका होत्या, त्या लिहिणारच आहे. मुलांची ओळख पटू नये म्हणून नावं देत नाही. कामांवरूनच ओळखू या: म्होरक्या, सर्किटवाली, अ‍ॅपवाला, अहवालवाली आणि पाचवा.

गट जमला कसा

प्रकल्प १४ आठवड्यांचा. कुंडीतल्या मातीचा ओलावा सेन्सरने मोजायचा, माती कोरडी पडली की छोटा पंप आपोआप सुरू व्हायचा, आणि हे सगळं फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दिसायचं. मधोमध ईएसपी-३२, म्हणजे वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर बोर्ड. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हा बोर्ड इतका सर्रास दिसतो की त्याच्या खोडी एव्हाना सगळ्यांना पाठ असायला हव्यात. तरी दरवर्षी कुणीतरी त्यात नव्याने ठेचकाळतंच.

गट पाडायची मुभा मी मुलांनाच दिली होती. चौघं आधीपासूनचे दोस्त. पाचवा कुठल्याच गटात बसला नव्हता. त्याचं नाव मी या चौघांखाली लिहिलं आणि मोकळी झाले. विद्यार्थ्यांच्या गटांमधून खरे संघ कसे घडवावेत यावर ओकली, फेल्डर, ब्रेंट आणि एल्हाज यांचा २००४ मधला एक लेख आहे. गट शिक्षकाने पाडावेत, त्यात कमी-जास्त कुवतीची मुलं मिसळावीत आणि सगळ्यांच्या मोकळ्या वेळा जुळतायत ना ते पाहावं, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. हा लेख मी वाचलेला होता. पण यादी लावायच्या दिवशी घाई होती.

पहिली बैठक दहा मिनिटांत आटोपली. म्होरक्याने वाटणी केली: सर्किट तू, अ‍ॅप तू, अहवाल आणि सादरीकरण तू, मी सगळ्यावर लक्ष ठेवतो. पाचव्याने विचारलं, "मी?" उत्तर मिळालं, "तू सगळ्यांना मदत कर."

ऐकायला किती मोठ्या मनाचं वाक्य! अर्थ एवढाच, की तुझ्यावाचून इथे कुणाचं काही अडणार नाही. गटात माणूस टिकतो तो त्याच्यावाचून कुणाचं तरी अडतं म्हणून. ज्याच्यावाचून अडत नाही त्याला पहिल्या आठवड्यात फोन येतो, दुसऱ्यात मेसेज येतो, आणि तिसऱ्यापासून त्याला बाकीच्यांकडूनच कळतं की काल सगळे लॅबमध्ये बसले होते.

गटांच्या अभ्यासात टकमनच्या १९६५ मधल्या पायऱ्या नेहमी सांगितल्या जातात: आधी जमणं, मग खटके उडणं, मग घडी बसणं आणि शेवटी खरं काम. आमची मुलं या पायऱ्या परीक्षेत बिनचूक लिहितात. या गटाने खटक्यांची पायरी सात आठवडे चुकवली आणि 'आमच्यात कधी वाद होत नाहीत' हे कौतुकाने सांगितलं. मला मात्र कॉनी गर्सिकचं १९८८ मधलं निरीक्षण इथे जास्त लागू वाटतं. तिने आठ गट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले. गट पहिल्याच बैठकीत एक रीत धरून बसतो, मुदतीचा साधारण निम्मा काळ सरेपर्यंत तीच ओढतो आणि मग एकदम खडबडून जागा होऊन नवी रीत शोधतो, असं तिला दिसलं. म्हणजे पहिली दहा मिनिटं निम्म्या सत्राला पुरतात. आमच्याकडे अगदी तसंच झालं. जाग आली ती सातव्या आठवड्यात, मधल्या परीक्षणाला.

टेबलावर काय झालं

त्या दिवशी सगळे भाग प्रथमच एकत्र आले. सात आठवड्यांत प्रथमच, हे दोनदा लिहिण्यासारखं आहे.

सर्किटवालीचा सेन्सर तिच्या टेबलावर उत्तम चालत होता. अ‍ॅपवाल्याचं अ‍ॅपही देखणं होतं. त्यात निळी पट्टी डुलायची, पण ती डुलायची त्याने स्वतःच घातलेल्या खोट्या आकड्यांवर. दोन्ही कोड एकत्र केले, वायफाय जोडलं, आणि सेन्सरचं वाचन बिघडलं. वायफाय बंद केलं की आकडे नीट यायचे, पण मग ते फोनवर जाणार कसे? शेवटी अ‍ॅपवाल्याने बोर्डाचा आकडा पाहून हाताने अ‍ॅपमध्ये टाकला. कुंडीतली माती खडखडीत कोरडी होती. अ‍ॅप म्हणालं, ओलावा नव्वद टक्के.

दुसरी गंमत आधी सांगते. या जातीच्या सेन्सरमध्ये माती जितकी कोरडी तितका आकडा मोठा, आणि ओली झाली की आकडा खाली येतो. सर्किटवालीला ते माहीत होतं, म्हणूनच तिला ते सांगण्याजोगं वाटलं नाही. अ‍ॅपवाल्याने धरून चालवलं की मोठा आकडा म्हणजे जास्त ओल. त्यालाही यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

पहिला बिघाड जास्त बोलका. ईएसपी-३२ मध्ये अ‍ॅनालॉग वाचनाचे, म्हणजे सेन्सरकडून येणारा व्होल्टेज मोजण्याचे, दोन विभाग आहेत, एडीसी-१ आणि एडीसी-२. यातला दुसरा विभाग वायफायही वापरतं. त्यामुळे वायफाय सुरू असताना त्या विभागाच्या पिनांवरून वाचन घेता येत नाही. सेन्सर जोडलेला होता २७ नंबरच्या पिनवर, म्हणजे नेमका एडीसी-२ मध्ये. तो ३४ वर, म्हणजे एडीसी-१ मध्ये हलवला की प्रश्न मिटतो. एका जंपर वायरचं आणि कोडमधल्या एका आकड्याचं काम.

म्होरक्याला हे शोधायला परीक्षणानंतर दोन रात्री लागल्या. बुधवारच्या बैठकीआधी मी त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पाहायला मागितला, त्यांनी दाखवला. मागे मागे सरकत तिसऱ्या आठवड्यात पोचले. रात्री पावणेबाराला पाचव्याचा मेसेज होता: 'सेन्सर २७ वर आहे ना? वायफाय चालू असताना एडीसी-२ चालत नाही असं डॉक्युमेंटमध्ये दिलंय. ३४ वर घ्यायचा का?'

खाली एक अंगठा. त्याखाली सादरीकरणाची पार्श्वभूमी निळी घ्यायची की पांढरी यावर लांबलचक चर्चा.

फोन मी टेबलावर ठेवला. अंगठा दिला होता म्होरक्याने. त्याला आठवतही नव्हतं.

टक्क्यांची बेरीज

भांडण सुरू होऊ नये म्हणून मी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली: आजवरच्या कामात तुझा वाटा किती टक्के? इतरांना न दाखवता लिही. ४०, ३५, ३०, २५ आणि ५. बेरीज फळ्यावर मांडली, १३५ झाली. आधी हसू फुटलं, मग सगळे जरा गप्प झाले.

यात कुणी खोटं बोललं नव्हतं. रॉस आणि सिकोली यांनी १९७९ मध्ये दाखवलं होतं की एकत्र केलेल्या कामात माणसाला स्वतःचं काम जास्त सहज आठवतं. म्हणून नवरा-बायकोंनी आपापला वाटा सांगितला तरी बेरीज शंभराच्या वर जाते. आपण जागवलेल्या रात्री आपल्याला ठाऊक असतात, दुसऱ्याच्या नाही. 'मीच सगळं करतोय' ही भावना जवळपास प्रत्येक गटात एकाच वेळी तिघा-चौघांना छळत असते, ती बरीचशी इथूनच येते.

दुसरा जुना पुरावा दोरीचा. रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचं बळ मोजलं आणि १९१३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. माणसं वाढली की एकूण ओढ वाढते, पण माणशी ओढ घटते. पुढे १९७४ मध्ये इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी युक्ती केली. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला वाटायचं की मागे आणखी माणसं ओढतायत, प्रत्यक्षात तो एकटाच असायचा. तरीही तो कमी ओढायचा. म्हणजे घट निव्वळ ताळमेळ चुकल्याची नाही, थोडी मनातलीही असते. १९८१ मध्ये विल्यम्स, हार्किन्स आणि लाताने यांच्या प्रयोगांत आढळलं की प्रत्येकाचं काम वेगळं ओळखू येणार असेल, तर हा ढिलेपणा जवळजवळ नाहीसा होतो.

शिक्षक मंडळी या प्रयोगांवरून 'कामचुकारांना पकडा' असा धडा काढतात. आमच्या प्रकरणात तो बसत नाही, कारण पाचव्याने दोर सैल सोडलेला नव्हता, त्याच्या हातात दोर दिलेलाच नव्हता. कामचुकार म्हणून ज्यांची तक्रार माझ्याकडे येते, त्यांतले बरेच जण पहिल्या दहा मिनिटांत घडवले गेलेले असतात, असं मला आता वाटतं. खरे कामचुकार नसतात असं मुळीच नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटात एक पठ्ठ्या होता. त्याला नेमकं, तारीख घातलेलं, एका संध्याकाळचं काम दोनदा दिलं आणि दोन्ही वेळा त्याने गोड बोलून टाळलं. त्याचा निकाल वेगळा लागला. पण फरक कळतो तो असं काम देऊन पाहिल्यावरच. 'लागेल ती मदत' देऊन कधीच कळत नाही.

पाचव्याला मी नंतर एकट्याला विचारलं, परीक्षणाच्या दिवशी सगळे गोंधळले होते तेव्हा पिनचं का बोलला नाहीस? तो म्हणाला, "एकदा सांगितलं होतं, मॅडम. पुन्हा सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, स्वतः काही करत नाही आणि चुका काढतोय."

एमी एडमंडसनने १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीतल्या ५१ संघांच्या अभ्यासातून ज्याला मानसिक सुरक्षितता म्हटलं, तिची उलटी बाजू या वाक्यात सगळी आहे. बोललो तर आपली किंमत कमी होईल, हे भय. ते आणायला दरडावावंच लागतं असं नाही. या गटात कुणी कुणाला रागावलेलं नव्हतं. एका अंगठ्यावर भागलं होतं.

अर्जाची मागची बाजू

बुधवारची बैठक पाऊण तास चालली. नाव वगळणार नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. मग कोरा कागद शोधू लागले, सापडेना, म्हणून तो अर्जच उलटा केला आणि मागे पाच वर्तुळं काढली: सेन्सर, बोर्ड, पंप, अ‍ॅप, अहवाल.

"हे कुणाकडे?" प्रत्येक वर्तुळावर पटापट नावं पडली.

मग वर्तुळांमध्ये बाण काढले. सेन्सरकडून बोर्डाकडे: कोणती पिन, कोणता आकडा, मोठा म्हणजे ओला की कोरडा. बोर्डाकडून पंपाकडे: किती कोरडं झालं की सुरू, बंद कधी. बोर्डाकडून अ‍ॅपकडे: काय पाठवायचं, दर किती वेळाने. अ‍ॅपकडून उलट बोर्डाकडे: फोनवरून पंप थांबवता येणार का. आणि सगळीकडून अहवालाकडे: कोणत्या नोंदी, कोण ठेवणार.

"हे बाण कुणाकडे?"

एकाही बाणावर नाव पडेना. सातव्या आठवड्यात जे दोन बिघाड झाले ते दोन्ही बाणांवर झाले होते, वर्तुळांत सगळं आलबेल होतं. हे म्होरक्याच्या आधी अहवालवालीने ओळखलं. अर्जावर सही न करणारी तीच.

मी सुचवलं की बाण पाचव्याकडे द्या. प्रत्येक जोडणी पक्की करणं, तिची चाचणी लिहिणं, दर शुक्रवारी सगळं एकत्र करून चालवून पाहणं. अ‍ॅपवाला लगेच बोलला, "म्हणजे आमचं काम हा तपासणार?"

शंका रास्त होती. सात आठवडे ज्याला बाजूला बसवलं, त्याच्या हाती एकदम तपासणीची वही द्यायची तर पोटात दुखणारच. यावर पाचव्यानेच तोड काढली. "मी तपासत नाही. तुझा आकडा आणि तिचा आकडा एकच आहे का, एवढंच बघतो. नसेल तर दोघांना सांगतो." अ‍ॅपवाला राजी झाला, असं म्हणणार नाही. त्याने खांदे उडवले, एवढंच.

मग गटाने पान-अर्ध्या पानाचा करार लिहिला. असे करार बहुधा 'एकमेकांचा आदर करू, वेळ पाळू' असल्या सुविचारांनी भरतात. सुविचार मी खोडायला लावले. ज्या ओळी मोडल्या की मोडल्या हे कुणालाही कळेल, तेवढ्याच ठेवल्या. त्यांतल्या काही:

बोर्डाकडून अ‍ॅपला ० ते १०० मधला पूर्णांक जाईल. ० म्हणजे कोरड्या हवेत धरलेला सेन्सर, १०० म्हणजे रेघेपर्यंत पाण्यात बुडवलेला.

'झालं' असं करणाऱ्याने म्हणायचं नाही. दुसऱ्या कुणी स्वतःच्या हाताने चालवून पाहिलं की झालं.

जे सामायिक कागदात लिहिलेलं नाही ते ठरलेलं नाही. ग्रुपवरचा अंगठा म्हणजे होकार नव्हे.

दोन तास डोकं खाऊनही सुटलं नाही तर ग्रुपवर टाकायचं.

आठवड्याला एकच बैठक, वीस मिनिटांची. म्होरक्या सगळ्यात शेवटी बोलणार.

ही शेवटची अट माझी. म्होरक्या हुशार, कष्टाळू आणि मनाने चांगला. पण तो पहिल्यांदा बोलला की बाकीच्यांची वाक्यं 'हो, आणि' ने सुरू व्हायची. वूली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये छोट्या गटांना तऱ्हेतऱ्हेची कोडी घालून पाहिली. गटाची एकूण कामगिरी त्यातल्या सर्वांत हुशार माणसाच्या बुद्धीशी फारशी निगडित नव्हती. बोलण्याच्या पाळ्या साधारण सारख्या वाटल्या जातात का, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून मन ओळखता येतं का, यांच्याशी तिचा संबंध दिसला. म्होरक्याला मी हे सांगितलं नाही. फक्त शेवटी बोल म्हटलं.

पाच माणसांत जोड्या दहा होतात. आठ माणसांत अठ्ठावीस. गट मोठा झाला की काम हलकं होतं असं मानणाऱ्या विद्यार्थ्यांना मी एवढा हिशेब करायला लावते.

तो कागद त्यांनी लॅबच्या भिंतीवर चिकटवला, बाणांची बाजू बाहेर करून.

फसलेलं आधी लिहून काढलं

नवव्या आठवड्यात गॅरी क्लाइनची एक युक्ती वापरली. तिच्यावरचा त्याचा लेख २००७ चा आहे. 'काय चुकू शकतं?' असं विचारायचं नाही. विचारायचं असं: चौदावा आठवडा संपला, प्रात्यक्षिक साफ फसलं, आता ते का फसलं ते प्रत्येकाने पाच मिनिटं गप्प बसून लिहा. अपयश झालंच आहे असं धरल्यावर शंका काढणारा रडका ठरत नाही, हा त्यातला फायदा.

तीन चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट होती: सभागृहाचं वायफाय. तिथे लॉगिनचं पान येतं, फोन ते भरतो, बोर्ड भरू शकत नाही. उपाय सोपा, स्वतःचा हॉटस्पॉट.

अहवालवालीच्या चिठ्ठीत मात्र वेगळंच होतं: 'पंप सुरू होताना बोर्डाचा दिवा क्षणभर विझतो. कदाचित बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होत असेल.'

सर्किटवाली उठून उभीच राहिली. "हे तू कधी पाहिलंस?"

"फोटो काढताना. पाचव्या आठवड्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तसंच असतं. मला सर्किटमधलं काय कळतं?"

तिने पाहिलं होतं ते अगदी खरं होतं. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह खेचते, बोर्डाचा व्होल्टेज खाली येतो आणि ईएसपी-३२ स्वतःला रीसेट करतो. पंपाला वेगळा पुरवठा दिला, मोटरला उलटा डायोड लावला, रीसेट थांबले. पण ही माहिती चार आठवडे गटातच पडून होती, सर्किटशी ज्या मुलीचा काही संबंध नाही असं सगळ्यांनी, तिनेही, धरलं होतं तिच्याजवळ. स्टॅसर आणि टायटस यांनी १९८५ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की गटात चर्चा होते ती बहुधा सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींची. एकाकडेच असलेली माहिती तोंडावर येतच नाही. पिनची माहिती पाचव्याकडे, दिव्याची अहवालवालीकडे. दोघंही 'तांत्रिक' न मानलेले.

अकरावा आठवडा

इथपर्यंत वाचून गाडी रुळावर आली असं वाटेल. मलाही वाटलं होतं.

अकराव्या आठवड्यात इतर विषयांच्या परीक्षा आल्या. शुक्रवारची जोडणी हुकली. शनिवारी रात्री म्होरक्याने एकट्याने बसून सगळा कोड पुन्हा लिहिला. पाचव्याने लिहिलेल्या चाचण्या त्याला 'पसारा' वाटल्या, त्याही काढून टाकल्या आणि पहाटे ग्रुपवर लिहिलं, 'झालं सगळं. आता झोपतोय.'

पाचव्याने काही न बोलता गिटवरचा, म्हणजे कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनावरचा, इतिहास उघडला, स्वतःच्या फाइली पुन्हा आणल्या, चाचण्या चालवल्या आणि दोन चुका दाखवल्या: नव्या कोडमध्ये ०-१०० पुन्हा उलटं झालं होतं, आणि अ‍ॅपमधून पंप थांबवायची सोय गायब होती. मग मात्र सात आठवड्यांचं साचलेलं बाहेर पडलं. मी हजर नव्हते. मला दोन्हीकडून कळलं. 'समजवत बसायला वेळ नव्हता' असं म्होरक्या म्हणाला. 'तुला माणसं नकोच आहेत, टाळ्या हव्या आहेत' असं सर्किटवाली म्हणाली. ती त्याची सगळ्यात जुनी मैत्रीण.

रात्रीत सगळं उरकणाऱ्या मुलाला आपण नायक मानतो. गटाचं तो जितकं नुकसान करतो तितकं आळशी मुलगाही करत नाही, असं माझं मत होत चाललं आहे. आळशाचं काम तरी इतरांना दिसतं. याचं काम दुसऱ्या कुणाला कळत नाही, दुरुस्त करता येत नाही, आणि तो आजारी पडला की गट संपला.

त्याच्या घाईमागे कारण होतं, ते नाकारत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी जोडणीला 'दोन दिवस' धरले होते. ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा आला, प्रत्यक्षात ५५ हून अधिक लागले. आमच्या गटाचे दोन दिवस चार आठवडे झाले होते.

त्या वादातून करारात एक ओळ वाढली: दुसऱ्याची फाइल पुसायची तर आधी त्याला फोन. म्होरक्याने ती स्वतःच्या अक्षरात लिहिली. माफी मागितली की नाही, माहीत नाही.

गुण

गटाला एकच गुण दिला की जो कमी करतो तो फुकट तरतो, आणि प्रत्येकाला वेगळे दिले की कुणी कुणाला मदत करत नाही. मधली वाट अशी. प्रत्येक जण स्वतःसकट सगळ्यांना ठराविक मुद्द्यांवर गुण देतो: ठरल्या वेळी दिलं का, इतरांचं ऐकलं का, अडलं तेव्हा सांगितलं का. एकाला मिळालेली सरासरी भागिले गटाची सरासरी, हा त्याचा गुणक. गटाला ८० मिळाले आणि गुणक १.०५ असला तर ८४, ०.९५ असला तर ७६. गुणकाला वरून-खालून मर्यादा ठेवते, म्हणजे मैत्री आणि वैर यांचा हात फार लांब पोचत नाही.

पण हे शेवटी एकदाच केलं तर तो निव्वळ सूड ठरतो. खरा उपयोग सत्राच्या मध्याच्या आधी, गुण न धरता, एकदा करून घेण्यात आहे. पाचव्या आठवड्यात तो तक्ता भरून घेतला असता, तर एका मुलाच्या रकान्यात सगळीकडे 'सांगता येत नाही' आलेलं मला दिसलं असतं. मी तो भरून घेतला नव्हता. ही माझी दुसरी चूक.

शेवटच्या तक्त्यात पाचव्याचा गुणक एकच्या किंचित वर आला, म्होरक्याचा किंचित खाली. अ‍ॅपवाल्याने पाचव्याला सगळ्यांत जास्त गुण दिले होते. याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

चौदावा आठवडा

प्रात्यक्षिक झालं, निर्दोष नाही. दोन कुंड्यांपैकी एकीचा सेन्सर मातीत नीट रुतला नव्हता, त्यामुळे पंप उशिरा सुरू झाला आणि अ‍ॅपवरची पट्टी काही सेकंद मागे राहत होती. बाहेरच्या परीक्षकांनी वायफायबद्दल विचारलं, ३४ नंबरची पिनच का? उत्तर अ‍ॅपवाल्याने दिलं. एडीसीचे दोन विभाग समजावले आणि म्हणाला, "हे यानं तिसऱ्या आठवड्यात सांगितलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं." परीक्षकांना त्यातलं काही माहीत नव्हतं, ते पुढच्या प्रश्नाकडे वळले.

संध्याकाळी पाचही जण लॅब आवरत होते. म्होरक्या आणि सर्किटवाली एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. पाचव्याने भिंतीवरचा बाणांचा कागद काढला, चिकटपट्टी सोडवताना तो उलटला. छापील बाजू वर आली.

माझी तिसरी चूक तेव्हा ध्यानात आली. सहा आठवडे तो कागद तिथे होता आणि त्याच्या मागे काय आहे ते पाच जणांपैकी एकाला ठाऊक नव्हतं.

त्याने तो पूर्ण वाचला. चौघांची नावं, तीन सह्या. खोलीत सगळ्यांचे हात थांबले. मग त्याने कागदाची घडी घातली, छापील बाजू आत ठेवून, आणि माझ्याकडे दिली.

"मॅडम, हा तुमच्याकडे आला होता ना."

आणि ब्रेडबोर्डवरच्या जंपर वायरी एकेक करून काढायला लागला.